झग्याची आतली बाजू

३ फेब्रुवारी

चिरंजीव धाकटीस,

आशीर्वाद, नेहमीच्याच मापाचे.

पार्सल सुखरूप पोचलं. तुझ्या चिमीच्या लग्नाचा पायघोळ झगा पाहिला. शिंप्याने कापड उत्तम कापलंय, शिवताना मात्र त्याच्याशी पूर्वजन्मीचं वैर असल्यासारखा वागलाय. दोन शिंप्यांनी हात टेकल्यावर का होईना, तुला ताई आठवली, हेही नसे थोडके. सगळ्या शिवणी उसवून ठेवल्या आहेत. कापड वाचलंय, काळजी नको.

तुझ्या सूचना वाचल्या. मी वर्गात संधी शिकवताना इतक्या स्पष्ट सूचना दिल्या असत्या, तर मुलींचे निकाल बरे लागले असते. त्यातल्या दोन मात्र माझ्या बुद्धीपलीकडच्या आहेत.

पहिली: ‘आतून तुझ्या पद्धतीने कडा बंद करू नकोस, सरळ इंटरलॉक मार.’ का गं? इंटरलॉक म्हणजे कडेला दोऱ्याचं कुंपण घालायचं आणि कड उघडीच ठेवायची. मी कित्येक वर्षांत तसं केलेलं नाही. आधी सुलट बाजूने टीप मारायची, कडा कातरून बारीक करायच्या, मग कापड उलटवून दुसरी टीप. सुताचं टोकसुद्धा अंगाला लागत नाही. वेळ दुप्पट जातो खरा, पण निवृत्त बाईकडे दुसरं काय साठलेलं असतं?

दुसरी सूचना त्या नामांकित दुकानाच्या लेबलाची. गळ्याच्या आत लावायचं म्हणतेस. विहीणबाईंवर छाप पाडायची असेल तर लावते. त्या सुनेच्या मानेमागे हात घालून वाचतील की नाही, हा त्यांचा प्रश्न.

खालच्या दुमडीचं मात्र पाठवलेल्या मापावर भागणार नाही. घेर उरेब, कापडावर तिरका कापलाय, म्हणजे टांगून ठेवला की एकीकडे उतरतो, दुसरीकडे नाही. मुलीने तो अंगात घालून, लग्नातल्याच चपला घालून स्टुलावर उभं राहायचं, तेव्हा कुठे खूण करता येते. चिमीला एक दिवस पाठव. लग्न ठरल्यापासून तिचा आवाज कानावर पडलेला नाही. तिला फोन लावला की तूच उचलतेस.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

धाकटे,

‘चिमीला सुट्टी नाही, मापावरच उरकून टाक,’ हे तुझं उत्तर मिळालं. बरं.

काल आपल्या मामेबहिणीचा फोन आला होता.

“ताई, डोळ्यांचं फार वाईट झालं गं.”

“कुणाच्या?”

“तुझ्याच की! परवा चिमी रडत होती. मावशीनेच झगा शिवावा असं फार मनात होतं म्हणाली. पण आई म्हणते, तिला आता सुईसुद्धा दिसत नाही, लग्नाला येणंही झेपायचं नाही. फोनही करू नकोस, तिला उगाच रडू येतं.”

“असं म्हणाले का मी?”

“म्हणजे... नाही म्हणालीस?”

मी म्हटलं, बोलता बोलता सुई ओवत होते, ओवून झाली, आता ठेवते.

तर इंटरलॉकचा अन्वय लागला. लेबलाचाही. लहानपणापासून चिमी कुठलाही कपडा आधी उलटा करून बघते. माझी शिवण ती नुसत्या बोटांनी ओळखेल. आंधळ्या मावशीची शिवण तिच्या हाती लागायला नको, पण झगा मात्र मावशीच्याच हातचा हवा. तुझी अडचण मी समजू शकते.

तू दूरच्या नोकरीवर होतीस आणि ती माझ्याकडे वाढत होती, ती वर्षं मी कधी उपकार म्हणून मांडली नाहीत. आजही मांडत नाही. तूही तेव्हा तिच्यासाठीच राबत होतीस. लग्नात ती आधी कुणाच्या गळ्यात पडते हे चारजण बघतील, ही तुझी धास्ती. ‘ताई, त्या दिवशी जरा मागे राहा,’ एवढं लिहिलं असतंस, तर मी शेवटच्या रांगेत खांबाआड बसले असते. त्यासाठी माझे डोळे काढायची गरज नव्हती.

एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नाही. ठाऊक असायचं कारणही नाही. चिमीला उघडी कड सोसत नाही. शाळेचा तयार गणवेश पहिल्यांदा घालून ती घरी आली, तेव्हा काखेत आणि कमरेभोवती लाल वळ उठले होते. कडा बंद करायला मी त्यानंतर शिकले. ती माझी कलाकुसर नव्हे, तिचं औषध आहे. तुझं ऐकलं असतं, तर तुझी लेक स्वतःच्या लग्नात पाहुण्यांसमोर अंग खाजवत उभी राहिली असती.

झगा परत पाठवतेय. शिवणी सगळ्या माझ्या पद्धतीने बंद केल्यात. लेबल वेगळ्या पुडीत ठेवलंय. खालचा घेर उघडाच आहे, कच्चा धावदोराही घातलेला नाही.

चिमीला मी काही कळवणार नाही. मामेबहिणीलाही गप्प बसवलंय. आई खोटं बोलली हे लग्नाच्या तोंडावर मावशीने सांगायचं नसतं. झगा तिला दिलास, तर डोक्यातून घालायच्या आधीच तिला कळेल. द्यायचा नसेल तर दुकानातून दुसरा आण, आणि आतल्या कडा बघून घे. आणि दिलास, तर दुमडीसाठी तिला इथे आणावंच लागेल. तूही आलीस तरी मी काही बोलणार नाही. टाचण्या धरायला कुणीतरी लागतंच.

शेवटी ‘लोभ असावा’ असं लिहायची रीत आहे. होता, एवढंच लिहिते.

ताई