गुहेच्या तोंडाशी बसलेला कुत्रा

बाई, तुमचा कुत्रा परवा मला परत मिळाला. तुमची लेक बेसा भागातलं तुमचं घर आवरत होती, तिचा फोन आला. "कपाटातून आईची गोष्टींची चित्रं निघून राहिली. एकाच्या मागं तुझं नाव लिहून ठेवलं आहे तिनं. घेऊन जा नं." मी गेले. पुठ्ठ्यावर चिकटवलेली गुहा, आत ओळीनं झोपलेले सात तरुण, आणि तोंडाशी तुम्ही रंगीत पेन्सिलीनं काढलेला पिवळा कुत्रा. उजवा कान फाटका. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी मी तिथंच तुमच्या लेकीसमोर ढसाढसा रडले.

चौथीचा वर्ग, शेवटचा तास. तुम्ही गोष्ट सांगताय. देवाला सोडा म्हणणाऱ्या राजापासून पळालेले सात तरुण गुहेत लपतात, झोपतात आणि शेकडो वर्षांनी जागे होतात. मला आनंद मावत नाही, कारण ही तर माझ्या अम्मीची गोष्ट! मी उभी राहून विचारते, "बाई, अन् कुत्रा?" वर्ग खो खो हसतो. "खाली बस वं," तुम्ही म्हणता. "कुत्राबित्रा काही नाही त्या गोष्टीत. पदरचं घालू नको."

तुम्हाला तेव्हा ते जाणवलंही नसेल. मी मात्र घरी जाईपर्यंत एकच हिशोब करत राहिले. तुम्ही चर्चमधून गोष्ट आणली, अम्मीनं कुराणातून. म्हणजे दोघींपैकी एक खोटं बोलते, आणि मला तर दोघी हव्या होत्या. मी शाळेत जायचंच बंद केलं.

तिसऱ्या दिवशी तुम्हीच इतवारीत आमच्या घरी आलात. भांड्यांच्या दुकानांमागं आमची एकच खोली, स्वयंपाकही तिथंच. अम्मीनं तुम्हाला पाट दिला आणि रोट्या भाजता भाजताच सांगितलं, "कुत्रा त होताच नं बाई. झोपलेल्यांची राखण कोण करन मग? किती जण होते ते अल्लाहलेच माहीत. कोणी तीन म्हणते, कोणी पाच, कोणी सात." तुम्हाला सात पक्के, तिला कुत्रा पक्का. तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की शेजारीण डोकावून गेली. "गोष्ट एकच आहे जी," तुम्ही म्हणालात, "आमच्यावाल्यांनी कुत्रा बाहेरच ठेवला असन." मग गरम रोटी चटणीशी खाल्लीत आणि माझ्याकडे वळलात. "कसा दिसे वं तो?" मी दम न घेता सांगितलं, "पिवळा. उजवा कान फाटका."

सोमवारी कुत्रा चित्रात होता, आणि पूर्ण गोष्ट तुम्ही मला वर्गासमोर सांगायला लावलीत. कोणी हसलं नाही. आज चार माणसांत मी मान वर करून बोलते, ती त्या दिवसापासून.

तुम्ही गुहेतून उठून आलात तर सीताबर्डीवरून जाणारी मेट्रो बघत रस्त्यातच उभ्या राहाल. पण गोष्ट तुम्हाला ओळखू येईल. तुमची लेक दर रविवारी चर्चमधल्या पोरांना ती कुत्र्यासकट सांगते, आणि इकडे माझी नात कान फाटका काढल्याशिवाय चित्र पुरं करत नाही. निघताना लेकीनं मला विचारलं, "त्याचा कान काहून फाटला होता वं? पोरं विचारून राहिली." मी म्हटलं, विचारून सांगते. आता कोणाला विचारू? अम्मीही गेली.

हे पत्र त्या पुठ्ठ्यामागंच ठेवणार आहे, म्हणून खरं ते लिहिते. अम्मीनं रंग कधी सांगितला नव्हता, कानही नाही. आमच्या पायरीवर झोपणारा गल्लीतला कुत्रा तसा होता. दिसायला कसा ते सांगता आलं नाही, तर तुम्ही पुन्हा तो नव्हताच म्हणाल, ही मला भीती. बाई, तुम्ही दोघी खरंच बोललात. पदरचं घातलं ते मी.