बाबांच्या स्पीकरांसाठी

बाबा,

तुमचा टेप डेक दिवाळीनंतर कायमचा बंद पडला. त्याचं हेड झिजलं होतं, आणि तसं हेड आता वर्ध्यात काय, नागपुरातही मिळत नाही. अॅम्प्लिफायर आणि तुम्ही नागपूरहून बांधून आणलेले दोन्ही स्पीकर मात्र ठणठणीत आहेत. त्यांना गाणं पुरवायला दुसरं काहीतरी आणायचं होतं, आणि ते काय आणावं यात माझा अख्खा हिवाळा गेला. तुम्ही असता तर एका दुपारी निकाल लावला असता. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. त्यामुळे गाण्याच्या मशीनबद्दल तुमच्याशी बोलायचं ते राहूनच गेलं. तसं पाहिलं तर बाकीचंही राहिलंच.

मागावर काम करणाऱ्यांचे कान जसे होतात तसे तुमचे झाले होते. तुम्हाला तबला ऐकू यायचा, बासरी नाही. मिलमध्ये शंभर माग एकदम चालत असताना आवाज काढून उपयोग नसतो, म्हणून तुम्ही सगळे नुसते ओठ हलवून बोलायचात, आणि ती सवय तुम्ही पुलगावच्या आपल्या दोन खोल्यांत घेऊन आलात. आईही शिकली. तुम्ही दारात चपला काढताय, ती चुलीपाशी आहे, आणि तुमचं दोघांचं भांडण चाललंय. आवाज फक्त भाकरी थापल्याचा. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, "तुमच्या घरी कधी भांडणच होत नाई वो बाई!" आणि आई हसायची. मला कळायचं. पुढं पुढं तर अर्धं भांडण मला तोंडपाठ असायचं. एकदा कॅसेटची फीत अडकली म्हणून मी डेकवर मूठ मारली, तर तुम्ही ओरडला नाहीत. समोर येऊन बसलात, माझी मूठ धरलीत आणि ओठांनी विचारलंत, "मारून कोणती मशीन सुदरली आजपर्यंत?" मी तेव्हाही तापटच होतो, बाबा. आताही आहे. फरक एवढाच की आता मूठ धरायला कोणी नाही.

तो डेक घ्यायला आपण तिघं वर्ध्याला गेलो होतो तो दिवस मला आठवतो. आईनं लग्नातलं जांभळं लुगडं नेसलंय. दुकानदार मोठा बोलका माणूस, एकामागून एक डेक लावतोय, बटणं दाखवतोय, दिवे दाखवतोय. आणि तुम्ही दुकानात शिरल्यापासून मशीनकडं पाठ करून उभे. तुम्ही आईकडं पाहताय. दुकानदार शेवटी वैतागला, "अहो भाऊ, मशीन इकडे हाय. तिकडे काय पाहून राह्यले?" तुम्ही म्हणालात, "तुमी लावा ना. माह्यं चालू हाय पाहणं." दुकानातले दोघं-तिघं फिदीफिदी हसले. आईनं पदर तोंडाला लावला आणि ओठांनी तुम्हाला म्हणाली, "लाज वाटू द्या जराशी." मला तुमची फार लाज वाटली. मला वाटलं, यांना ऐकू येत नाही, ते लपवायला हे असं करतायत. मग कुठलंसं चौथं की पाचवं मशीन लागलं, आणि अर्ध्या गाण्यात तुम्ही वळून म्हणालात, "हेच बांधा." दुकानदार म्हणाला, "याच्यापेक्षा भारी दाखवतो ना." तुम्ही म्हणालात, "नाई. हेच." ते दुकानातलं जवळजवळ सगळ्यात साधं मशीन होतं. परत येताना गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसलो.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी कॉलेज सोडलं. दुसऱ्या वर्षाला होतो. वर्ग सुटल्यावर एक पोरगा माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल काहीतरी वाईट बोलला आणि मी त्याला धुतला. कॉलेजनं लेखी माफी मागायला सांगितली. मी म्हणालो, त्यानं आधी मागावी. त्यानं मागितली नाही, मी परत गेलो नाही. आता मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसतो, शेतकऱ्यांचे जळालेले पंप उघडतो, तांब्याची तार भरतो. काम मला आवडतं. ती मुलगी आर्वीची. माझ्यासाठी भांडलास म्हणून ती खूश होईल असं मला वाटलं होतं, तर पहिल्याच भेटीत म्हणाली, "चार ओळी लिहून दिल्या असत्या तर तुह्यं काय झिजलं असतं? मी काय तुले म्हटलं होतं, माह्यासाठी मार म्हणून?" तरी ती बोलत राहिली, भेटत राहिली. गाण्यांची तिला भारी हौस. तुमच्या स्पीकरांबद्दल मी तिला इतकं सांगितलं होतं की एक दिवस तीच म्हणाली, "मले ऐकायचे हायत ते. माघ संपला की एखाद्या रविवारी येते तुमच्या घरी. माह्यी गाण्याची सीडी आणते."

घरी येते म्हणाली, बाबा. मी त्याचा एकच अर्थ घेतला. या दोन खोल्यांत आपल्याला राहता येईल का, हे पाहायला ती येणार. म्हणजे त्या रविवारी घर बरं दिसलं पाहिजे आणि गाणं त्याहून बरं वाजलं पाहिजे. भिंतींना मी चुना दिला. मशीनचं घोडं मात्र अडलं.

तुमच्या वेळेला डेक म्हणजे डेक होता. आता एकाच कामाला पन्नास डबे. साधा सीडी प्लेअर घ्यावा तर तो तिची सीडी वाजवणार नाही, कारण तिनं नेट कॅफेतून दीड-दोनशे गाणी एकाच सीडीत भरून घेतलेली, आणि ती वाजवायला वेगळं मशीन लागतं. आमच्या दुकानाशेजारचा मोबाईलवाला दोस्त म्हणाला, "डीव्हीडी प्लेअर घे ना बे. स्वस्त बी हाय अन् सिनेमा बी पाहजो." आणला. तर गाणं निवडायचं असेल तर त्याला टीव्ही जोडावा लागतो, सगळी नावं टीव्हीवर दिसतात. आपल्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीला ती वायर लावायची सोयच नाही. म्हणजे आंधळ्यानं चाचपावं तसं बटण दाबत बसायचं, कुठलं गाणं लागेल त्याचा नेम नाही. परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "टीव्ही बदलून टाका ना मग." मी काउंटरवरून त्याच्या अंगावर जायचाच बाकी होतो, दोस्तानं मागून शर्ट धरला. दुसरा एक दोस्त म्हणाला जुना कॉम्प्युटर घे, त्यात पायजे तेवढी गाणी मावतात. पण तो कॉम्प्युटर असा घुरघुरायचा की तुमच्या मागांची आठवण यावी. शेवटी तिची सीडी वाजवतील अशी दोन मशीनं उरली. दोन्हींना पुढं छोटी खिडकी, तीत गाण्याचा नंबर दिसतो, बाजूला पेन ड्राइव्ह लावायला भोक. एक जरा महाग, निळ्या दिव्यांचं. दुसरं साधं, काळं. दोन्ही वर्ध्याच्या दुसऱ्या एका दुकानातून पाहायला म्हणून घरी आणली. अॅम्प्लिफायरच्या मागं तुमच्या काळचं गोल पाच पिनांचं तोंड, आणि या मशीनांना लाल-पांढऱ्या वायरी. ती जोडणी मीच सोल्डरिंगचा डाग देऊन तयार केली. एवढं तरी येतं मला.

आई मेथी निवडत बसली होती. मी एक लावलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. मशीनवर ओणवा होऊन दिवे पाहत होतो, बटणं फिरवत होतो, दर दोन मिनिटांनी विचारत होतो, "कोणतं बरं हाय?" ती म्हणे, "मले काय समजते बा त्यातलं. दोन्ही बरे हायत." मी चिडलो, "तुले काहीच काऊन सांगता येत नाई?" तेव्हा तिनं मेथी बाजूला ठेवली. म्हणाली, "तुह्या बापानं मले कधी विचारलं नाई. त्याले माहीत होतं मले सांगता येत नाई म्हणून. तो मशीन पाहतच नव्हता. माह्यं तोंड पाहे. मले आवडलं का नाई ते माह्याआधी त्याले समजे." आणि मग, जरा थांबून, "बरं गाणं लागलं की मी डोळे मिटते म्हणे. मले काय माहीत, मी कुठं पाह्यलं."

दोन्ही मशीनं पुन्हा लावली, आणि या वेळी त्यांच्याकडं पाठ करून, आईकडं तोंड करून बसलो. निळ्या दिव्यांच्या मशीनला तिचे डोळे उघडे होते. काळ्याला मिटले.

रविवारी ती अकराच्या गाडीनं आली. आईनं पोहे केले, तिनं खाल्ले, कौतुक केलं. भिंतींचंही केलं. मग आपल्या हातानं सीडी लावली आणि खाटेवर बसली. मी मशीनकडं पाठ केली. बाबा, तुम्ही काय पाहत होतात ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि ते दिसायला नको होतं. तिला आवाज आवडला, हे लगेच कळलं. पण ती डोळे मिटत नव्हती. ती स्पीकर पाहत होती, मग खिडकी, मग फळी, फळीवरचा तुमचा फोटो, स्वयंपाकघराचं दार. एकेक वस्तू नीट पाहत होती. गाव सोडताना माणूस मागं वळून पाहतो तसं. दुसरं गाणं अर्धं झालं तेव्हाच मला सगळं कळलं होतं. ती बोलली तिसऱ्या गाण्यात.

"माह्यं जमलं," ती म्हणाली. "नागपूरचे हायत. घरच्यायनं ठरवलं, पण मी हो म्हटलं. तुले खोटं नाई सांगत."

मी तिच्या सीडीचं रिकामं पाकीट उचलून फळीवर ठेवलं.

"काऊन गप्प हायेस? मले वाटलं तू भांडशील. सगळ्या रस्त्यानं त्याचीच तयारी करून आलती मी."

गाणं चालूच होतं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिनं नुसते ओठ हलवले, "तिले स्टँडवर सोडून ये. ऊन झालं." मी सोडून आलो. वाटेत तिनं दोनदा माझ्याकडं पाहिलं. मी सायकल हातात धरून चालत होतो. आर्वीची बस लागलेलीच होती. "सीडी राहू दे," म्हणाली, आणि चढली.

आता आई शेजारी सांगते, पोरगा बापासारखा झाला, एवढं झालं पण तोंडातून शब्द काढला नाही. दोस्तही म्हणतो, मानलं बे तुला. मला हे ऐकवत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही शांत होतात. मी शांत नव्हतो. तोंड उघडलं असतं तर शिवी आली नसती, रडू आलं असतं, आणि तिच्यासमोर ते मला नको होतं. एवढंच होतं. तिनं आणखी एकदा विचारावं म्हणून मी स्टँडपर्यंत वाट पाहिली, आणि तिनं विचारलं नाही.

हे पत्र कुठं टाकणार, ते मलाही माहीत नाही. आईच्या हाती लागू नये म्हणून अॅम्प्लिफायरच्या झाकणाखाली ठेवीन. तिथं माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

अजून एक. निळं मशीन मी आधीच परत दिलं होतं. काळं दुकानदारानं आठवडाभर ठेवून पाहा म्हटलं होतं, नाही जमलं तर परत आणा. सोमवारी मी ते खोक्यात भरलं, सुतळी बांधली, वर्ध्याला गेलो आणि संध्याकाळी तसंच घेऊन आलो. आईला म्हणालो, दुकान बंद होतं.

दुकान उघडं होतं, बाबा.