बावन्न मिनिटं

सोमवार, ६

एक तास पुरतो, हे कशावरून? सहा नंबरच्या आईने आज विचारलं आणि मला धड उत्तर देता आलं नाही. मला! ज्या अभ्यासाची आकडेवारी मी दोन वर्षं सांभाळतेय, त्याच अभ्यासाबद्दल!

सहा नंबर म्हणजे काचेच्या पेटीतलं बाळ. दोन महिने आधीच आलेलं, अकराशे चाळीस ग्रॅम. आई त्याला रोज दहा ते दोन छातीशी धरून बसते, अंगाला अंग लावून. आमच्या अभ्यासात दोन गट होते — काही आया सकाळी चार तास, काही संध्याकाळी एकच तास. निष्कर्ष: बाळांच्या वजनात फरक नाही. म्हणून येत्या एक तारखेपासून सरसकट एक तास. कक्षातली गर्दी कमी होईल, म्हणे.

मी तिला म्हटलं, "तक्ता तीनमध्ये आहे सगळं."

ती म्हणाली, "ताई, तो तक्ता घेऊन बसू का मग उरलेले तीन तास?"

मंगळवार, ७

परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या निबंधाखाली पाचवं नाव माझं आहे. बाबांनी ते पान लॅमिनेट करून आणलंय! आल्यागेल्याला चहाच्या आधी दाखवतात. "घरातली पहिली पदवीधर. लहान बाळांवर संशोधन करते." शेजारचे काका म्हणाले, "म्हणजे पाळणाघर का?"

आईने मात्र भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "त्या बाया चार तास बसल्या, हे मोजलं कोणी?"

"सिस्टर फॉर्मवर लिहितात. सुरू कधी, संपलं कधी."

"आणि मधे?"

"मधे काय?"

"अगं, दवाखान्यात बाईला कोणी चार तास एका जागी बसू देतं का? तू झालीस तेव्हा मला धड पाच मिनिटं टेकू दिलं नव्हतं. ऊठ, सरक, बाजूला हो."

फॉर्म मी बनवला होता. दोनच रकाने — सुरुवात, शेवट. सुटसुटीत आहे म्हणून अभ्यास चालवणाऱ्या सरांनी कौतुक केलं होतं. मधल्या वेळेसाठी रकानाच नाही.



बुधवार, ८

घड्याळ लावून कक्षाच्या कोपऱ्यात बसले.

दहाला सहा नंबरच्या आईने बाळ घेतलं. दहा वाजून बारा — सरांचा राउंड, बाळ पेटीत. पावणेअकराला परत घेतलं. अकरा वाजून पाच — फरशी पुसायची आहे, बाहेर व्हा. मग एक्स-रेचं मशीन आलं. मग सिस्टरांची ड्यूटी बदलली. मग धाकट्या डॉक्टरांचा राउंड, कारण मोठ्यांच्या राउंडमध्ये त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. बाई दर वेळी उठते, बाहेरच्या बाकावर बसते, दाराच्या काचेतून बघते.

बाळ प्रत्यक्ष छातीशी: सत्तेचाळीस मिनिटं. फॉर्मवर: दहा ते दोन.

बुधवार, १५

अकरा आया झाल्या मोजून. सरासरी बावन्न मिनिटं.

संध्याकाळच्या तासाला राउंड नसतो, पुसणं नसतं. तिथे सलग साठ! म्हणजे चार तासवालीला बावन्न मिनिटं आणि एक तासवालीला साठ. आणि या दोन्हींत फरक नाही, हे आम्ही दोन वर्षं खपून शास्त्रशुद्ध सिद्ध केलं!

हसावं की रडावं कळेना. धावत सरांकडे गेले. सर पूर्ण ऐकून म्हणाले, "उत्तम निरीक्षण. पुढच्या गुरुवारी चर्चेत मांड. विज्ञान असंच पुढे जातं."

किती मोठ्या मनाचे आहेत सर!

शुक्रवार, १७

मोठ्या सिस्टरना आकडे दाखवले. मला वाटलं चिडतील. चष्मा कपाळावर चढवून वाचलं. म्हणाल्या, "बाई गं, आम्हाला कोणी सांगितलं तर ना! एक्स-रे बाराच्या आत उरकता येतो. फरशी पुसताना पाय वर घेतले की झालं. बाळाला काय, ते थोडंच पाय खाली सोडून बसलंय?"

आज सहा नंबर सलग तीन तास दहा मिनिटं आईपाशी!

सोमवार, २०

सहा नंबर: तीन दिवसांत ऐंशी ग्रॅम. एका बाळाने काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. जिन्यात दोन पायऱ्या एकदम उतरले.

गुरुवार, २३

चर्चा झाली. जसं घडलं तसं लिहून ठेवते.

आमच्याकडे गुरुवारी चिठ्ठ्या टाकून बाजू ठरतात. कोणाला काय वाटतं याचा बाजूशी संबंध नाही. वक्तृत्व सुधारतं म्हणे. 'एक तास पुरतो' ही बाजू परदेशी मॅडमना आली. त्या आठ महिने परदेशात शिकून आल्यात, त्यामुळे प्रत्येक वाक्य 'आम्ही तिकडे'ने सुरू होतं. 'चार तास हवेत' ही बाजू ज्या धाकट्या डॉक्टरला आली, त्याने आधीच सांगितलं, "मी फक्त चिठ्ठीमुळे बोलतोय, सर."

मग मी उभी राहिले. बावन्न मिनिटं सांगितली.

मला वाटलं, झालं!

"तुमचं घड्याळ प्रमाणित होतं का?" — परदेशी मॅडम.

"मोबाइलचं होतं."

"आम्ही तिकडे मोबाइल मानत नाही."

मग घड्याळावर पंचवीस मिनिटं. मग आया अकराच का. मग, कोणती आई कोणत्या गटात हे मला माहीत होतं का? म्हटलं, हो, समोरच बसल्या होत्या. "म्हणजे पूर्वग्रह!" सगळ्यांनी माना हलवल्या. फॉर्म भरणाऱ्या सिस्टरनाही ते माहीत होतं, हे सांगायला तोंड उघडलं, तोवर बिस्किटं आली.

मोठ्या सिस्टर मागून म्हणाल्या, "मी रोज असते तिथे. पोरगी खरं बोलतेय."

"तो अनुभव झाला, सिस्टर. पुरावा नव्हे," सर प्रेमाने म्हणाले. मग निकाल दिला: दोन्ही बाजू सुंदर मांडल्या गेल्या, अधिक संशोधनाची गरज आहे, तोवर एक तास.

निकालाचं परिपत्रक सरांनी खिशातून काढलं. तारीख गेल्या सोमवारची होती, चर्चेच्या तीन दिवस आधीची. आणि ते टाइप करणारी मी नव्हते, एवढंच समाधान!

बाहेर बाकावर सहा नंबरची आई. "काय ठरलं, ताई?"

"अजून ठरतंय," म्हटलं. दोन वर्षांतलं माझं पहिलं जाणूनबुजून खोटं.

शुक्रवार, २४

एथिक्स कमिटीची नियमावली वाचून काढली. कोणी उघडलीच नव्हती बहुतेक, पानं चिकटलेली. अभ्यासातल्या चुकीची लेखी तक्रार आली, की चौकशी संपेपर्यंत निष्कर्ष अमलात आणता येत नाही. जी व्यवस्था चालू आहे ती तशीच राहते. चौकशीला किमान सहा महिने!

आनंदाने टेबलावर थाप मारली. मग पुढचं कलम. वरिष्ठांविरुद्धची तक्रार विभागप्रमुखांच्या सहीने पाठवावी.

विभागप्रमुख म्हणजे सर.

मोठ्या सिस्टरना सांगितलं. म्हणाल्या, "गप बस आता. कायम व्हायचंय ना तुला? पुढच्या महिन्यात मुलाखत आहे." त्या चांगल्यासाठीच म्हणाल्या.

निघताना कक्षात डोकावले. सहा नंबर झोपलेलं, तोंड उघडं, एक मूठ आईच्या गळ्याशी. आई मला बघून हसली, पण हलली नाही. बाळ उठेल म्हणून.

सोमवार, २७

सकाळी साडेदहाला कमिटीकडे तक्रारीचा अर्ज दिला, पोच घेतली. परिपत्रक थांबलं.

'तक्रार कोणाविरुद्ध' या रकान्यात माझं नाव लिहिलं. तो दोन रकान्यांचा फॉर्म मीच बनवला होता, त्यात खोटं काही नाही. स्वतःविरुद्धच्या तक्रारीला कोणाची सही लागत नाही.