अंगठ्यावरची रेघ

प्रिय घाईबाई,

हे पत्र सूनबाई लिहितेय, मी नुसतं तोंड चालवतेय. तेवढं काम मला अजून झेपतं. तिला बजावलंय, मी बोलेन तेच लिहायचं आणि शेवटी सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. ती म्हणाली, सासूबाई, माझ्यावर विश्वास नाही का? म्हटलं, तुझ्यावर आहे गं, कागदावर नाही. तिकडे तुझी सून वाचत असेल, तिला म्हणावं आधी घोटभर पाणी पी, पत्र लांबणार आहे.

दर रविवारी फोन होतो, तर मध्येच हे काय काढलं, असं म्हणशील. अगं, तो काय फोन! तू विचारतेस तब्येत कशी, मी म्हणते बरी. मी विचारते जेवलीस का, तू म्हणतेस आत्ताच. दोन्हीकडे स्पीकर लावलेला, घरदार कान देऊन. चेहरा दिसणारा फोन लावला तर मला तुझं कपाळ दिसतं आणि तुला माझा कान. दारात उभ्या उभ्या, चप्पल न काढता बोलावं, तसं आपलं चाललंय. कधीपासून, ते तुलाही माहीत आहे.

सूनबाईचा जुना फोन आता माझा झालाय. मला त्याचं भारी नवल वाटतं. मी आवाज पाठवला आणि समोरच्याने लगेच ऐकला नाही, तर तो तोवर थांबतो कुठे? ऐकला की खूण निळी होते म्हणे. मी विचारलं, ऐकलं ते कळतं, पण खरं मानलं की नाही, तेही कळतं का? सूनबाई म्हणाली, तेवढं अजून निघालेलं नाही.

आणि फोन उघडायचा कसा, तर अंगठा लावून! मी हसत सुटले. चांगले शिकलेसवरलेले लोक उठता-बसता अंगठे लावतात आता. तुझे दाजी, आमचे हे, असते तर त्यांचा चेहरा बघायला हवा होता. चारचौघांत मला ‘आमची अंगठाछाप’ म्हणायचे. पण गंमत बघ, फोन माझाच अंगठा ओळखेना. धुऊन लावला, पुसून लावला, फुंकर मारून लावला. सूनबाई म्हणाली, जन्मभर काजं करून करून सुईने तुमच्या रेषा खाल्ल्या. एक रेघ मात्र शाबूत आहे, मधोमध, तिरकी. ती तुझी. बाबांच्या कात्रीसाठी भांडत होतो, तू नऊ वर्षांची, सोड म्हणायच्या आत तू कात्री ओढलीस. रक्त माझं आणि भोकाड तुझं. तेव्हापासून मी कुठेही अंगठा उठवला की मधोमध पांढरी रेघ येते.

तुझी पत्रं यायची, ती दाजी वाचायचे. दोन्ही बाजू भरलेला कागद, आणि वाचून काय तर, इकडे सगळं ठीक, कामाची गडबड आहे. मला वाटायचं, अक्षरं फार जागा खात असतील. मग तुझी पत्रं थांबली. मी मनात म्हटलं, धाकटीचं स्वतःचं शिलाईचं दुकान झालं, आता कशाला थोरलीची आठवण. ती अढी मी अडतीस वर्षं नीट घडी घालून ठेवली.

मागच्या आठवड्यात तुझ्या सुनेने कपाट आवरलं. सापडलेल्या एका पत्राचा फोटो माझ्या सुनेला पाठवला, थोरल्या मावशींची जुनी आठवण म्हणून. सूनबाईने वाचून दाखवलं. ‘मी येणार नाही. ते दुसरं मशीन दुसऱ्या कुणाला दे. पुन्हा विचारू नकोस.’ मी म्हटलं, कुठलं मशीन? कोणी विचारलं, कधी? सूनबाईने दोन बोटांनी फोटो मोठा केला. पत्र माझ्या नावाने, अक्षर दाजींचं. आणि खालचा अंगठा चांगला रुंद, भरलेला, रेघ नसलेला. मी माझा अंगठा शेजारी धरून बघितला. मग हसू आलं. मला जन्मभर अंगठाछाप म्हणणारा माणूस माझ्यासाठी एकदा स्वतः अंगठाछाप झाला की गं! दार लोटून, शाई लावून, मग बोट कुठे पुसलं असेल? माझ्याच पदराला पुसलं असेल, आणि मीच तो डाग घासला असेल. रागही आला. दोन दिवस राहिला. पण भांडायचं कोणाशी, माणूस जाऊन नऊ वर्षं झाली. आता नवल तेवढं उरलंय. त्यांना भीती वाटली असेल, ही एकदा त्या मशीनवर बसली की परत यायची नाही. बरोबर ओळखलं होतं त्यांनी.

तुझंही चुकलं, घाईबाई. पहिली ओळ ऐकलीस आणि रागाने घडी घातलीस, अंगठ्यापर्यंत पोचलीच नाहीस. स्वतः दिलेली खूण बघायची नाही का? काल सूनबाईकडून तुझ्या सुनेला विचारून घेतलं, त्या मशीनचं काय झालं. ती म्हणाली, खिडकीपाशी आहे, आई कोणाला बसू देत नाहीत, आम्ही वर फोन चार्जिंगला ठेवतो. अडतीस वर्षं तू ते कोणाला दिलं नाहीस. म्हणून हे पत्र. फोनवर नुसतं ‘येते’ म्हणाले असते, पण फोनमधून अंगठा जात नाही. खाली उठवलाय, शाई आणवून. फोनला ओळखू आला नाही, तुला येईल. या वेळी शेवटपर्यंत बघ, मग ते चार्जर उचल आणि मशीनला तेल घाल. काजं मला अजून सुरेख येतात. सुईत दोरा तेवढा तू ओवायचा.

तुझीच,
तू कापलेली थोरली