दारातून ऐकायची रेकॉर्ड

शनिवार, ८ नोव्हेंबर १९६९, राजाजीनगर

राग अजून उतरलेला नाही. लंडनच्या मामेभावानं पाठवलेली रेकॉर्ड आज आली. माझ्या आवडत्या रॉक बँडची नवी रेकॉर्ड निघतेय हे मासिकात मी वाचलं. मे महिन्यापासून त्याला पत्रं लिहिली तीही मीच, नऊ. एक अख्खी बाजू म्हणजे एकच सलग गाणं! सहा महिने डोक्यात तेच.

आणि जेवताना वासू, माझा धाकटा भाऊ, म्हणतो, "उद्या चारला मित्र येतायत ऐकायला. अक्का, तू कॉफी कर, स्वल्प जास्तच."

"आणि मी कधी ऐकायचं?"

"स्वयंपाकघरात ऐकू येतं की!"

नऊ पत्रं काय फोडणीच्या आवाजात ऐकायला लिहिली?

अण्णा, आमचे वडील, म्हणाले, "मुलांमध्ये कशी बसणार तू?"

"कॉलेजात साठ मुलांना शिकवते, ते चालतं?" अण्णांना असं उलट पहिल्यांदाच बोलले. मग रेकॉर्ड कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हटलं, मी समोरच्या खुर्चीत बसणार, नाहीतर कोणीच ऐकणार नाही.

आता आई रागावणार, असं वाटलं. ती ताटं उचलता उचलता म्हणाली, "वासू, कॉफीची पूड वरच्या फळीवर आहे."