दुसरा थर बसेपर्यंत

३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शेवटची ओळ लाल शाईत लिहायची गरज नव्हती, मला दिसतं अजून. आईला माणसं ओळखू येईनाशी झालीत हे वाचून काळजात चर्र झालं. पण आत्ता निघता येत नाही गं. चिपसाठी आम्ही निर्वात पेटीत एका पदार्थावर दुसऱ्याचा पातळ थर चढवतो. खालचा पृष्ठभाग स्वच्छ, सपाट असला तरच उष्णता सांध्यातून पलीकडे उतरते. नाहीतर तिथेच अडकते आणि चिप जळते. मधेच सोडलं तर सगळं मुसळ केरात. कामावरची सोबतीण म्हणते मी बघते, पण तिच्या हाताला घाई फार. महिनाअखेर नक्की येतो.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
बोका

१२ मार्च

चि. बोक्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणाली, आधी नीट पुसून घे म्हणावं, लहानपणी डब्याचं झाकणसुद्धा ओलंच लावायचा. मग तुझ्यासाठी स्वेटर विणायला बसली. आज तुझं नाव तिच्या तोंडी आहे, उद्याचं मी काय सांगू? काल मला नर्सबाई म्हणाली. मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

सोबतिणीला एकदा करू दे ना! सगळं जग काय तुझ्याच हातावर तोललंय? तुला कधी अडवलं नाही रे, पण आता विनवते, ये.

वाट बघणारी,
ताई

९ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

सुखरूप परत पोचलो. थर उत्तम बसला होता, साहेबांनी पाठ थोपटली, म्हणून तिकडे निघण्याआधी मोजणी होईपर्यंत आणखी थांबलो होतो. मी तिकडे असताना सोबतिणीनं तेच काम एकटीनं केलं. तिचाही सांधा तितकाच साफ आलाय. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तू औषधं आणायला गेलीस तेव्हाचं तुला तोंडानं सांगता आलं नाही. आईनं मला पाणी दिलं आणि कुणाकडे आलात म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुमच्या मुलाचा मित्र. कसली खुलली! स्वेटर माझ्या हातात ठेवून म्हणाली, एवढा त्याला पोचवा, पण घरी ये म्हणू नका, काम मधेच सोडलं की बिघडतं त्याचं.

ताई, स्वेटर अगदी मापात बसला.

आईला आणि मला सांभाळून घे.
बोका