सव्वीस मिलिमीटर

३१ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. मावशीलाही सांग. मी ठीक आहे, घरही ठीक आहे. बाथरूमचा गळका नळ बदलून घेतला. तुझे ब्रश धुऊन, तेल लावून, डब्यात आडवे ठेवले आहेत.

फोनवर तू "हं" म्हणतोस आणि फोन मावशीकडे देतोस, म्हणून लिहिते आहे. आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते. निदान तेवढ्यावर तरी आपलं दुमत नको.

१. शनिवार, ७ मार्च. पहारेकऱ्याच्या चिलखताचा छातीचा आणि पाठीचा भाग तू घालून पाहिलास. दोन्ही बगलांखाली सैल होता.

२. गुरुवार, १२ मार्च. मी छातीच्या भागाच्या दोन्ही कडा प्रत्येकी सव्वीस मिलिमीटर कापल्या. तू झोपला होतास. तुला विचारलं नव्हतं.

३. शनिवार, १४ मार्च. तू पुन्हा घातलंस. बरोबर बसलं. तू आरशासमोर साधारण चार मिनिटं उभा होतास.

४. तू विचारलंस, कधी कापलंस. मी दिवस सांगितला. तू विचारलंस, का. मी म्हणाले, सैल होतं म्हणून.

५. रविवार, १५ मार्च. सकाळच्या बसने तू मावशीकडे गेलास. आज सोळा दिवस झाले.

कामावर कोणी असा अहवाल माझ्यापुढे ठेवला असता तर मी सही केली नसती. दोन क्रमांकाच्या आधीची एक नोंद यात गाळलेली आहे. तिच्याकडे येते, पण सरळ येता येत नाहीये, थोडं समजून घे.

परवा मावशीचा फोन आला होता. "अगं, तू केलंस तरी काय त्याला? विचारलं तर म्हणतो, हिने माझं प्लास्टिक कापलं. पस्तिशीचा घोडा झालाय आणि प्लास्टिकवरून रुसून येतो? खात नाही, पीत नाही, नुसता गच्चीत बसतो. तू मोठी हो आणि सॉरी म्हणून टाक." मी बरं म्हणाले. म्हणजे तू तिला काही सांगितलेलं नाहीस. आपल्या घराण्यात ही एक गोष्ट दोघांनाही सारखी मिळाली आहे.

तीन वर्षांपूर्वी तू या चिलखताचा विषय काढलास तेव्हा मी हसले होते. लहानपणी टेपवर घेतलेली ती मालिका, त्यातल्या मिठाच्या खाणीवरचे सात पहारेकरी, आणि त्यातला तो सगळ्यात डावीकडचा, जो अख्ख्या मालिकेत अकरा सेकंद दिसतो. तू टेप तिथे इतक्या वेळा थांबवायचास की चित्रावर कायमचा पांढरा पट्टा आला. नायकाचं चिलखत सगळेच करतात, तुला हाच हवा होता. बाकीचे सहा जण पडद्यावर मरतात. हा मरताना दिसत नाही. "पळाला असणार," तू म्हणायचास. "शहाणा होता."

दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस आणि कारखान्यात बेअरिंगच्या कड्या मोजणारी बाई, अशी ती जोडी जमली. चित्रात पहारेकऱ्याच्या मागे दिसणाऱ्या दाराची उंची माहीत होती, त्यावरून मी चिलखताच्या प्रत्येक भागाचं माप काढलं. साचे मी केले. प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर ओढताना तू एक टोक धरायचास आणि दर वेळी म्हणायचास, "पोळी करपली बघ." गंज, ओरखडे, मिठाचे पांढरे डाग सगळं तुझं. मालिकेतली चिलखतं हुबेहूब करणाऱ्यांचं जे मंडळ आहे, त्याच्या म्हाताऱ्याशी डाव्या खांद्याच्या तुकड्यावरून तू दोन महिने भांडलास. तो म्हणाला, चित्रीकरणात कोणीतरी तो उलटा बांधला होता, तुम्ही सुलटा करून घ्या. तू म्हणालास, "उलटा बांधला होता म्हणून तर तो ओळखू येतो. सुलटा केला तर तो दुसराच कोणीतरी." शेवटी म्हाताऱ्याने हात टेकले. तुझ्याइतकं हुबेहूब त्यालाही झेपलं नसतं.

मग ऑगस्टमध्ये तुझं पोटाचं ऑपरेशन झालं आणि चिलखत सैल व्हायला लागलं.

मी तेव्हा पेन्सिलने दोन्ही कडांना रेघ मारली आणि कापलं नाही. पुढच्या महिन्यात रेघ आणखी आत आली. मी तीही मारली, कापलं नाही. सात महिन्यांत एकाशेजारी एक पाच रेघा झाल्या. तू माझी टर उडवायचास.

"काप की आता, इन्स्पेक्टर. आत मी आणि शेजारचं कुत्रं, दोघं आरामात मावतो."

"तू भरून आलास की पुरणार नाही."

"मग नवीन कर."

"जास्त असलेलं केव्हाही कापता येतं. कमी पडलं की भंगार."

"ऐका! सख्ख्या भावाला भंगार म्हणते ही."

हे आपण किती वेळा बोललो असू. मला ते बोलणं आवडायचं. ते चालू आहे तोवर तू भरून येणार आहेस, असा त्याचा अर्थ होता. हा अर्थ फक्त मलाच कळतो असं मी समजत होते. तिथे माझी चूक झाली.

आता गाळलेली नोंद.

मंगळवार, १० मार्च. मी तुझे रिपोर्ट आणायला एकटी गेले. तू म्हणाला होतास, कागदच तर आणायचेत, दोघांनी कशाला जायचं. डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं आणि घरात आणखी कोण आहे असं विचारलं. मी म्हणाले, आई गेल्यापासून आम्ही दोघंच. त्या कागद चाळत राहिल्या. मी विचारलं, त्याचं वजन परत कधी येईल? मला खरंच तेच विचारायचं होतं. डोक्यात त्या पाच रेघा होत्या, आणि मला पाहिजे होता एक आकडा. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "नाही येणार. आता नाही." मग मी न विचारलेलंही त्यांनी सांगितलं. सावकाश सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं, कारण माझ्यासमोर कोणी काही सांगायला लागलं की मी लिहून घेते. बाहेर आल्यावर पाहिलं, अक्षर नेहमीसारखंच आलं होतं.

तू खिडकीशी बसून गुडघ्याच्या तुकड्याला पॉलिश पेपर मारत होतास. मान वर न करता विचारलंस, "काय म्हणाल्या?"

मी म्हणाले, "ठीक आहे म्हणाल्या. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय."

"बघ. म्हटलं नव्हतं?"

त्या दिवशी तू दोन वाट्या भात खाल्लास. जानेवारीनंतर पहिल्यांदा. वर म्हणालास, भाजीत मीठ कमी आहे, इन्स्पेक्टरकडून असं काम अपेक्षित नाही. मी उठून मीठ आणलं. दादा, त्या जेवणाबद्दल मला लिहिता येत नाहीये. पुढे जाते.

गुरुवारी मी अर्धी रजा घेऊन दुपारी घरी आले. मंडळाच्या नोंदवहीत चिलखत चढवायचं तर चारही बाजूंनी फोटो लागतात, आणि ते माणसाने अंगावर घातलेलं असावं लागतं. टांगलेलं चालत नाही. मी ठरवलं की हे फोटो लवकर निघाले पाहिजेत. एवढंच ठरवलं. पोलादी पट्टी शेवटच्या रेघेवर ठेवली, सुरी सहा वेळा ओढली आणि कड वाकवून तोडली. आवाज झाला. आतल्या खोलीत तू कूस बदललीस. मी थांबले. मग दुसरी बाजू केली. त्या पट्ट्यांवर तुझा अडीच दिवसांचा गंज होता, हे मला माहीत होतं.

शनिवारी आरशासमोर तू जे बोललास ते मी वरच्या यादीत अर्धंच लिहिलं आहे.

"सैल तर सात महिने होतं," तू म्हणालास. "सात महिने तू हात लावला नाहीस. मी पाया पडलो तरी कापलं नसतंस. मग या गुरुवारी काय झालं?"

"फोटोसाठी."

"फोटो गेल्या महिन्यातही काढता आले असते. मंगळवारी त्या बाई काय म्हणाल्या?"

"ठीक आहे म्हणाल्या."

"तुला आकडा पक्का कळल्याशिवाय तू कागदसुद्धा कापत नाहीस."

तू पट्टे सोडवलेस, छातीचा भाग उतरवून टेबलावर ठेवलास, हलक्या हाताने, रंग खरवडू नये असा. आणि म्हणालास, "मला माझं माप घेणाऱ्या माणसाजवळ राहायचं नाही." यावर मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, जेवण गरम करू का.

फोटो निघाला नाही.

या सोळा दिवसांत मी काय काय केलं तेही सांगते. एका बाजूची पट्टी मागून आधार देऊन परत चिकटवली, फटीत पुट्टी भरली, घासली. उजेडात धरलं की सांधा हातभर अंतरावरून दिसतो. काढून टाकली. मी कधी नव्हे ते दोन दिवस कामावर चुकीची कडी पास केली. पुढच्या टेबलावरच्या माणसाने पकडली आणि काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. चिलखत मी खुर्चीवर ठेवलं आहे. संध्याकाळी दिवा लावला की क्षणभर कोणीतरी बसलंय असं वाटतं. म्हणून मी आता दिवा आधी स्वयंपाकघरातला लावते.

आणि एक गोष्ट मला उशिरा सुचली. लपवायचंच असतं तर मी त्या दोन पट्ट्या कचऱ्यात टाकल्या असत्या. मी त्या टेबलावर ठेवल्या, एकीशेजारी एक, जिथे तू रोज ब्रश ठेवतोस. म्हणजे तू पाहावंस असंच मला कुठेतरी वाटत होतं. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तुझं चिलखत पुढे केलं. हे भ्याडपणाचं होतं. मंगळवारी मला वाटलं होतं, मी ते वाक्य घरात उच्चारलं नाही तर ते रुग्णालयातच राहील. मी शिकलेली बाई आहे, आणि हे लिहायची मला लाज वाटते.

आता सरळ लिहिते. रिपोर्ट ठीक नव्हते. मी खोटं बोलले. वजन परत येणार नाही. यापुढची औषधं त्रास कमी करण्यासाठी असतील, बरं करण्यासाठी नाहीत. ते तुला माझ्याआधी कळायला हवं होतं, निदान माझ्याबरोबर तरी. तू बरा होणार असं समजून चार दिवस जेवलास, आणि मी समोर बसून तुला जेवू दिलं. बाकी कशाची नाही तरी याची माफी मागते.

बाईंनी वेळेबद्दल जे सांगितलं ते सोबतच्या बंद पाकिटात आहे. त्यांचेच शब्द आहेत, माझं एक अक्षरही नाही. उघडायचं की नाही, केव्हा, कोणासमोर, ते तू ठरव. मावशीच्या हाती देऊ नकोस. ती किटलीच्या वाफेवर उघडेल आणि आपण काहीच पाहिलं नाही असं दाखवत आठवडाभर तुला दूध पाजत राहील.

मला तुझ्याकडे यायचं आहे. समजूत घालून परत आणायला नाही. तिथला दवाखाना लहान आहे, पण या औषधांना तो पुरतो, मी विचारून घेतलं आहे. मावशीची मागची खोली रिकामी असते, तिथे मी राहीन. तू माझ्याशी बोललंच पाहिजेस असं नाही. गच्चीत एकटा बसायचं असलं तर बस, मी वर येणार नाही. तू खोकलास किंवा हाक मारलीस तर ऐकू येईल, एवढ्या अंतरावर मला असायचं आहे. इथे मला काहीच ऐकू येत नाही, दादा. इतकी वर्षं मी म्हणायचे, तुझ्या शिट्ट्यांनी डोकं उठतं.

तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळते. साहेबांशी बोलले आहे. शुक्रवारी, दहा तारखेला अर्ज द्यायचा आहे, आणि तुझ्या होकाराशिवाय मी तो देणार नाही. एकदा तुला न विचारता केलं, ते पुरे झालं.

पत्र पोचायला तीन दिवस लागतील. गुरुवार, ९ एप्रिलपर्यंत मला कळव, मी येऊ का. फोनवर, पत्राने, मावशीकडून, कसंही. नको असेल तर नको असंच कळव, पण कळव.

तुझी,
धाकटी